लोकगीत आणि दीपव्यूह : उत्तर शेन्शीतील ज्याशिएन परगण्याच्या प्रयोगपरंपरेचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

चीनच्या शेन्शी प्रांताच्या उत्तर भागात पीतनदीच्या काठी ज्याशिएन हा डोंगराळ परगणा आहे. चांद्र वर्षाच्या आरंभी तेथे 'यांगगे' हा गीत-नृत्याचा खेळ आणि नऊ वळणांच्या दीपव्यूहातून चालण्याचा विधी यांची परंपरा आहे. विसाव्या शतकात याच परगण्यातील एका लोकचालीवरून 'पूर्व दिशा लाल' हे गीत तयार झाले आणि ते चीनभर पोहोचले. त्याच काळात त्या चालीच्या गावात दिवे, देवदर्शन आणि घरोघरची फेरी यांवर बंधने येत गेली. गीत प्रवास करू शकले, पण दीपविधी गावातच राहिला. हे असे का घडले, आणि लोकपरंपरेच्या संकलनाच्या व जतनाच्या पद्धतींचा त्यात काय वाटा होता, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

बीजसंज्ञा : लोकगीत, यांगगे, दीपव्यूह, येनान, संकलन, अमूर्त वारसा.

१. प्रास्ताविक

लोकगीतांचा इतिहास बहुतांशी छापील संग्रहांवरून लिहिला जातो. संग्रहात गीताचे शब्द असतात, क्वचित स्वरलेखन असते, गायकाचे नाव आणि गावही असते. ते गीत कोणत्या रात्री, कोणाच्या अंगणात, कोणाला उद्देशून गायिले गेले आणि त्या वेळी हातात काय होते, हे मात्र बहुधा नोंदवले जात नाही. परिणामी अभ्यासकासमोर येते ते प्रसंगापासून सुटे झालेले गीत. प्रयोगाचा एक अंश म्हणजेच संपूर्ण परंपरा, असा समज त्यातून रूढ होतो.

हा प्रश्न ज्याशिएनच्या उदाहरणात विशेष स्पष्टपणे दिसतो. जगातील क्वचितच एखाद्या ग्रामीण परगण्याची लोकचाल इतकी दूरवर ऐकली गेली असेल, आणि तरीही त्या परगण्याच्या मूळ प्रयोगपरंपरेविषयी बाहेर फारच थोडी माहिती आहे. मराठी वाचकाला या भूप्रदेशाची एक ओळख आधीपासून आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकासोबत फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान येथे पोहोचले होते. हे येनान याच उत्तर शेन्शीत, ज्याशिएनच्या नैऋत्येस आहे, आणि प्रस्तुत विषयातील निर्णायक घडामोडीही तेथेच घडल्या.

२. प्रदेश आणि समाज

चीनमधील 'शिएन' या प्रशासकीय घटकाची तुलना ढोबळमानाने आपल्या तालुक्याशी करता येईल. प्रस्तुत निबंधात त्यासाठी 'परगणा' हा शब्द वापरला आहे. ज्याशिएन परगणा युलिन या विभागात मोडतो. त्याच्या पूर्वेस पीतनदी वाहते आणि नदीपलीकडे शान्शी हा वेगळा प्रांत आहे. शेन्शी आणि शान्शी या दोन नावांत गल्लत होऊ नये. परगण्याचे ठाणे नदीच्या काठावरील उंच कड्यावर वसले आहे. 'ज्या' या नावाचा मूळ अर्थ बोरू किंवा वेत असा होता. १९६४ मध्ये दुर्मीळ अक्षरे बदलण्याच्या धोरणानुसार त्याच उच्चाराचे, परंतु 'उत्तम' अशा अर्थाचे सोपे अक्षर नावासाठी स्वीकारले गेले.

हा प्रदेश लोएस म्हणजे वाऱ्याने वाहून आणलेल्या पिवळ्या मातीच्या पठाराचा भाग आहे. पाऊस अनिश्चित आणि जमीन उताराची असल्याने ज्वारीसारखी भरड धान्ये, डाळी आणि तांबड्या बोरांच्या बागा यांवर लोकांची उपजीविका चालत आली आहे. येथील बोरबागांना २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. घरे पारंपरिक पद्धतीने टेकडीच्या पोटात कोरलेली किंवा कमानीची बांधलेली असतात आणि त्यांच्यापुढे मोकळे अंगण असते. घरोघरच्या गीतफेरीसाठी हे अंगण महत्त्वाचे ठरते.

धार्मिक जीवनाचे केंद्र म्हणजे बाइयुनशान, अर्थात 'शुभ्र मेघांचा पर्वत', येथील ताओ पंथीय देवस्थान. त्याची उभारणी मिंग राजवटीत १६०५ मध्ये सुरू झाली. चन्वू ही तेथील प्रमुख देवता असून चांद्र वर्षाच्या चौथ्या महिन्यातील आठव्या दिवसाची तेथील जत्रा प्रसिद्ध आहे. मोठ्या देवस्थानाखेरीज प्रत्येक गावाची लहान मंदिरेही असतात आणि त्यांचा कारभार गावकऱ्यांतून निवडलेले मंडळ पाहते. वर्षारंभीचे खेळ, वर्गणी आणि दिव्यांची व्यवस्था परंपरेने याच मंडळाकडे असते. म्हणजे हे खेळ रंजनाचे असले तरी त्यांचे यजमानपद देवस्थानाकडे आहे.

३. यांगगे : गीत, नृत्य आणि फेरी

'यांगगे' या शब्दाचा सर्वसाधारण अर्थ भाताच्या रोपांचे गीत, म्हणजे लावणीच्या वेळचे गाणे, असा सांगितला जातो. परंतु लोएस पठार हा भाताचा प्रदेश नव्हे. त्यामुळे काही अभ्यासक या शब्दाचा संबंध 'यांग' म्हणजे सूर्य किंवा तेज या तत्त्वाशी जोडतात. व्युत्पत्तीचा वाद बाजूला ठेवला तरी उत्तर शेन्शीत यांगगे हा शेतकामाच्या गीतांचा प्रकार नाही. तो वर्षारंभीचा विधी आहे.

या पथकाचा प्रमुख 'सानथौ' म्हणजे छत्रीधारी असतो. त्याच्या हातात छत्री असते. तो पुढे चालतो, त्याच्या इशाऱ्यावर पथक वळणे घेते आणि ठरावीक ठिकाणी थांबून तो चार ओळींचे शीघ्ररचित पद गातो. शेवटची ओळ पथक उचलून धरते. मागे ढोल, झांजा आणि सनईसदृश सुषिर वाद्ये असतात. नावेचे किंवा गाढवाचे सोंग, सिंह व नाग यांचे खेळ, दोघा-तिघांचे नृत्यनाट्य असे अनेक प्रकार त्यात सामावलेले असतात. परंपरेने सर्व कलावंत पुरुष असत आणि स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत.

पथकाचा क्रम अर्थपूर्ण आहे. प्रथम गावच्या मंदिरात जाऊन देवाला वंदन केले जाते. त्यानंतर घरोघरची फेरी निघते. प्रत्येक अंगणात सानथौ त्या घराला उद्देशून पद रचतो. घरात नवी सून आली असेल, वृद्ध आजारी असेल, मूल शिकत असेल किंवा नवे घर बांधले असेल, त्याप्रमाणे आशीर्वादाचे शब्द बदलतात. यजमान पथकाचा मान म्हणून खाद्यपदार्थ, मद्य किंवा तंबाखू देतो. दोन गावांची पथके समोरासमोर आली तर कोड्यांच्या पदांतून परस्परांची परीक्षा घेतली जाते. कलगी-तुऱ्यातील सवाल-जवाब परिचित असणाऱ्या मराठी वाचकाला या प्रकाराची कल्पना सहज येईल.

याच प्रदेशात 'शिनथ्यान्यौ' हा दोन ओळींच्या कडव्यांचा गीतप्रकारही आहे. पहिल्या ओळीत निसर्गातील प्रतिमा आणि दुसऱ्या ओळीत मनातील भाव अशी त्याची सामान्य रचना असते. तो एकट्याने, वाटेवर किंवा डोंगरात गायिला जातो आणि त्याला विशिष्ट तिथीची गरज नसते. सानथौचे पद मात्र तिथी, स्थळ आणि श्रोता यांना बांधलेले असते. पुढील इतिहासात हा फरक निर्णायक ठरला.

४. नऊ वळणांचा दीपव्यूह

पहिल्या चांद्र महिन्याच्या पंधराव्या रात्री, म्हणजे वर्षातील पहिल्या पौर्णिमेला, दीपोत्सव असतो. उत्तर शेन्शीत आणि पीतनदीकाठच्या इतर भागांत या सुमारास 'नऊ वळणे फिरण्याचा' विधी होतो. मोकळ्या जागेत एकोणीस ओळी आणि एकोणीस रांगा याप्रमाणे ३६१ खांब रोवले जातात. काही ठिकाणी ही संख्या वर्षाच्या दिवसांशी जुळवून ३६५ केली जाते. खांब दोरीने किंवा धाटांनी अशा रीतीने जोडतात की त्यांतून एकच अखंड वाट तयार होते आणि ती नऊ कोटांतून फिरत मध्यभागी असलेल्या उंच खांबापाशी जाऊन पुन्हा बाहेर येते. प्रत्येक खांबावर दिवा असतो. पूर्वी मातीच्या पणत्या किंवा कोरलेल्या कंदांत तेल-वात घालून त्यांभोवती रंगीत कागद लावीत. आता बहुतेक ठिकाणी विजेचे दिवे वापरले जातात.

यांगगे पथक सानथौच्या मागून व्यूहात शिरते आणि त्यामागे सारे गाव. वाट न चुकता बाहेर पडल्यास वर्ष निर्विघ्न जाते आणि रोगराई मागे राहते, अशी श्रद्धा आहे. अपत्याची इच्छा असणारे या व्यूहातून दिवा गुपचूप घरी नेतात आणि इच्छा पूर्ण झाल्यास पुढच्या वर्षी दिवा परत करतात. या कृतीला 'दिवा चोरणे' म्हणत असले तरी ती समाजमान्य चोरी आहे. व्यूहाच्या उगमाची कथा 'फंगशन यान्यी' या मिंगकालीन पौराणिक कादंबरीतील तीन दैवी भगिनींनी रचलेल्या 'पीतनदीच्या नऊ वळणांच्या' युद्धव्यूहाशी जोडली जाते. या भगिनींची उपासना संततीसाठीही होते, हे लक्षात घेता दिवा चोरण्याच्या प्रथेचे मर्म कळते.

या प्रथेचे प्राचीनत्व केवळ दंतकथेवर अवलंबून नाही. ल्यू थोंग आणि यू यीचंग यांनी बीजिंग परिसरावर लिहिलेल्या आणि १६३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात खेडुतांच्या अशाच दीपरचनेचे वर्णन आहे. ज्वारीची धाटे बांधून, भोवती दिवे टांगून, सुमारे दोन मू क्षेत्रात तीन-चार ली लांबीची वाट लपवली जाते आणि चुकलेल्याला बाहेर पडणे कठीण जाते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर चीनच्या ग्रामीण भागात ही प्रथा रूढ होती, हे निश्चितपणे म्हणता येते.

दीपव्यूहाची तीन वैशिष्ट्ये पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहेत. पहिले, तो स्थळाशी बांधलेला आहे. दुसरे, तो तिथीशी बांधलेला आहे. तिसरे, त्यात प्रेक्षक नाही, कारण जो येतो तो चालतो. गीत ऐकता येते आणि लिहून नेता येते. व्यूह मात्र चालावाच लागतो.

५. संकलनाचा इतिहास : १९१८ ते १९४५

आधुनिक चीनमध्ये लोकगीत संकलनाचा संघटित आरंभ १९१८ मध्ये बीजिंग विद्यापीठात झाला. कुलगुरू त्साय युआनफेय यांच्या पाठिंब्याने ल्यू बाननोंग आणि इतर प्राध्यापकांनी देशभरातून गीते मागवली. १९२२ पासून 'लोकगीत साप्ताहिक' प्रसिद्ध होऊ लागले. या चळवळीला बोलीभाषेतील नव्या साहित्यासाठी आधार हवा होता. त्यामुळे गीताकडे प्रामुख्याने काव्य म्हणून पाहिले गेले. वाचकांनी पत्राने पाठवलेल्या गीतांसोबत त्यांचा प्रयोग येणे शक्यही नव्हते.

दुसरा टप्पा येनानचा. दीर्घ कूच करून आलेल्या साम्यवादी पक्षाने उत्तर शेन्शीत आपले केंद्र उभारले. १९३८ मध्ये तेथे लू शुन कला अकादमी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी लोकगीत संशोधनासाठी मंडळ निघाले. या वेळी संकलक गावात गेले, शेतकऱ्यांसोबत राहिले आणि चालींचे स्वरलेखन केले. १९४५ मध्ये ह छीफांग आणि चांग सोंगरू यांनी संपादित केलेला उत्तर शेन्शीच्या लोकगीतांचा निवडक संग्रह या श्रमांचे फलित आहे. संकलनाची गुणवत्ता पाहता हे कार्य आधीच्या टप्प्यापेक्षा निःसंशय पुढचे होते.

मात्र मे १९४२ मधील माओ त्से-तुंग यांच्या साहित्य व कला यांवरील भाषणांनंतर संकलनाचा हेतू बदलला. लोककलेचा अभ्यास पुरेसा नव्हता. ती नव्या आशयासाठी वापरायची होती. १९४३ च्या नववर्षात अकादमीच्या पथकाने 'नवे यांगगे' सादर केले. बहीण-भाऊ पडीक जमीन लागवडीखाली आणतात, या कथानकाचे लघुनाट्य विशेष गाजले. डेव्हिड होम यांच्या अभ्यासानुसार या चळवळीत सानथौच्या छत्रीची जागा श्रमाच्या व क्रांतीच्या चिन्हांनी घेतली, मंदिरवंदन वगळले गेले आणि शृंगारिक विनोदाला कात्री लागली. घरातील व्यक्तींना उद्देशून असलेल्या आशीर्वादाच्या जागी उत्पादनवाढीचा आणि सैन्याला साहाय्याचा संदेश आला.

हा बदल केवळ हानी म्हणून पाहणे एकांगी ठरेल. नव्या यांगगेमुळे स्त्रिया प्रथमच प्रतिष्ठेने या रंगमंचावर आल्या. निरक्षर शेतकऱ्याला आपल्या जीवनातील प्रश्न आपल्याच कलारूपात दिसले. महाराष्ट्रातही १९४० च्या दशकात लाल बावटा कलापथकाच्या शाहिरांनी तमाशाला लोकनाट्याचे रूप देताना गणातील गणेशवंदनेऐवजी मायभूमी व श्रमिक यांना वंदन आणले आणि गवळण वगळली. दोन्ही ठिकाणी रूप तेच ठेवून विधीचा भाग काढला गेला. येनानमध्ये मात्र त्यामागे राजसत्ता होती, हा मोठा फरक आहे. लोकनाट्य तमाशाच्या शेजारी उभे राहिले. नव्या यांगगेने जुन्याची जागाच घेण्याचा प्रयत्न केला.

६. एका चालीचा प्रवास

ज्याशिएन परगणा तेव्हा साम्यवादी सीमाप्रदेशाच्या स्वीद उपविभागात होता. हा दाट वस्तीचा भाग असल्याने शेतकऱ्यांनी येनानजवळच्या पडीक जमिनींवर स्थलांतर करावे, असे सरकारी धोरण होते. परगण्यातील ली यौयुआन हा शेतकरी-गायक आणि त्याचा पुतण्या ली त्संगचंग यांनी या स्थलांतराच्या निमित्ताने प्रचलित चालीवर नवे शब्द रचले. त्या चालीवर आधी प्रेमगीते आणि नंतर जपानविरोधी युद्धातील सैनिकाचे गीत गायिले जात होते. चुलता-पुतण्यांच्या 'स्थलांतराच्या गीता'ची दखल १९४४ मध्ये येनानच्या 'मुक्ती दैनिका'ने घेतली. पुढे व्यावसायिक लेखक व संगीतकारांनी स्थलांतराचा उल्लेख वगळून नवी कडवी जोडली आणि १९४० च्या दशकाच्या मध्यास 'पूर्व दिशा लाल' हे आजचे रूप सिद्ध झाले.

या प्रवासात चालीचे श्रोते टप्प्याटप्प्याने बदललेले दिसतात. प्रेमगीताचा श्रोता एक व्यक्ती होती. स्थलांतराच्या गीताचा श्रोता गाव सोडून निघालेल्या शेतकऱ्यांचा तांडा होता. अंतिम रूपाचा श्रोता संपूर्ण राष्ट्र होते. प्रत्येक पायरीवर गीतातील स्थानिक तपशील कमी होत गेला आणि म्हणूनच ते अधिक दूर जाऊ शकले. १९६४ मध्ये याच नावाचा भव्य संगीतप्रयोग बीजिंगमध्ये झाला. २४ एप्रिल १९७० रोजी चीनने सोडलेल्या १७३ किलो वजनाच्या पहिल्या उपग्रहाने हीच धून अंतराळातून प्रसारित केली.

७. गीताचा विजय आणि गावाचे मौन

१९४९ नंतर यांगगे शहरांत पोहोचले. विजयाच्या मिरवणुकांत कामगार आणि विद्यार्थी यांगगेची सोपी पावले टाकीत चालले. चांग-ताय हुंग यांनी दाखवल्याप्रमाणे बीजिंगमधील हा उत्साह १९५० च्या दशकाच्या आरंभीच ओसरू लागला. एकसुरी हालचाली आणि बाहेरून ठरवलेला आशय ही त्यामागची कारणे होती. सानथौचे शीघ्ररचित पद नसलेल्या यांगगेत प्रत्येक प्रयोग मागच्या प्रयोगासारखाच होणे स्वाभाविक होते.

१९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात देवस्थाने बंद झाली, मूर्ती फोडल्या गेल्या आणि मंदिरांशी निगडित उत्सवांना 'सरंजामी अंधश्रद्धा' ठरवण्यात आले. मंदिरवंदन, घरोघरच्या आशीर्वादाची पदे आणि दिवा चोरण्याचा विधी यांना जाहीर जीवनात स्थान उरले नाही. त्याच वर्षांत 'पूर्व दिशा लाल' ध्वनिक्षेपकांवरून गावोगाव दररोज वाजत होते. ज्या प्रदेशाची चाल साऱ्या देशाला ऐकवली जात होती, त्या प्रदेशाला स्वतःच्या पौर्णिमेला स्वतःच्या रीतीने दिवे लावण्याची मुभा नव्हती. गीत जपले गेले म्हणजे परंपरा जपली गेली, या गृहीतकाला यापेक्षा स्पष्ट प्रत्युत्तर मिळणे कठीण आहे.

१९८४ मध्ये आलेल्या छन काय्ग दिग्दर्शित 'पिवळी माती' या चित्रपटाचा विषय नेमका हाच आहे. उत्तर शेन्शीत लोकगीते गोळा करण्यासाठी आलेला सैनिक आणि ती गीते जगणारी शेतकरी कन्या यांच्यातील अंतर हा त्या कथेचा गाभा आहे. संकलकाला गीत हवे असते, पण गीत गाणाऱ्या मुलीच्या आयुष्यासाठी तो वेळेवर येऊ शकत नाही.

८. पुनरुज्जीवन आणि वारशाच्या याद्या

१९८० च्या दशकात ग्रामीण जमिनीची व्यवस्था बदलली, निर्बंध सैल झाले आणि उत्तर शेन्शीत मंदिरांची पुनर्बांधणी सुरू झाली. अॅडम चाउ यांनी युलिनजवळच्या कृष्णनागराज मंदिराच्या अभ्यासात 'होंगहुओ' ही लोकसंकल्पना मांडली आहे. तिचा शब्दशः अर्थ 'लाल आणि अग्नी', म्हणजेच गजबज, ऊब, माणसांची दाटी. देवतेचे सामर्थ्य आणि समाजाचे चैतन्य या दाटीतूनच प्रकट होते, अशी लोकांची धारणा आहे. जुनी मंडळे पुन्हा उभी राहिली आणि यांगगे व दीपव्यूह परतले. येनानच्या नाट्यरूपांचे आणि आकाशवाणीवरील गीतांचे संस्कार त्यांत मिसळलेले होते. म्हणजे जे परत आले ते १९४२ पूर्वीचे जसेच्या तसे नव्हते. त्याचा क्रम मात्र जुनाच राहिला. आधी देव, मग घर, मग दिवे.

चीनने २००४ मध्ये युनेस्कोचा अमूर्त सांस्कृतिक वारसाविषयक करार स्वीकारला. २००६ मध्ये पहिली राष्ट्रीय यादी प्रसिद्ध झाली आणि २०११ मध्ये स्वतंत्र कायदा आला. या याद्यांतील उत्तर शेन्शीचे स्थान पाहण्यासारखे आहे. यांगगेचा समावेश २००६ मध्ये 'पारंपरिक नृत्य' या विभागात झाला. उत्तर शेन्शीची लोकगीते २००८ मध्ये 'पारंपरिक संगीत' या विभागात आली. बाइयुनशानचे ताओ पंथीय संगीत त्याच वर्षी, त्याच विभागात, परंतु वेगळी नोंद म्हणून आले. नऊ वळणांच्या दीपव्यूहाची प्रथा २००८ मध्ये 'लोकरूढी' विभागात दीपोत्सवाच्या सदराखाली नोंदवली गेली. मात्र ती बीजिंगच्या मियुन भागातील प्रथा म्हणून. डिसेंबर २०२४ मध्ये चिनी नववर्षाच्या सामाजिक प्रथांचा युनेस्कोच्या प्रातिनिधिक यादीत समावेश झाला, त्यात हे सर्व एका व्यापक नावाखाली पुन्हा एकत्र आले. पण ते राष्ट्राच्या पातळीवर, गावाच्या नव्हे.

गावाच्या दृष्टीने हे सर्व एकाच पंधरवड्यातील, एकाच मंडळाने चालवलेले आणि बऱ्याच अंशी त्याच माणसांनी केलेले एकच कार्य आहे. नोंदवहीत ते चार कप्प्यांत विभागले गेले. कप्प्यानुसार निधी, प्रशिक्षण आणि अधिकृत वारसदार ठरतात. नर्तकाला नर्तक म्हणून आणि गायकाला गायक म्हणून मान्यता मिळते. दिवे मांडणाऱ्याला, खांबांची जुळणी तोंडपाठ असणाऱ्या वृद्धाला आणि वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळाला मात्र या विभागणीत ठळक स्थान मिळत नाही.

९. चर्चा

यावरून गीत आणि दीपविधी यांच्या भिन्न ऐतिहासिक गतीचे कारण स्पष्ट होते. गीताचे शब्द बदलता येतात, चाल वेगळी काढता येते आणि ते छापता व प्रसारित करता येते. त्यामुळे विद्यापीठ, पक्ष, आकाशवाणी आणि रंगभूमी या सर्वांना ते उपयोगी पडले. दीपव्यूहाचा कोणताही अंश अशा प्रकारे सुटा करता येत नाही. शब्द नसल्याने त्याला नवा संदेश देणे कठीण होते. म्हणून तो दुर्लक्षित राहिला, नंतर निषिद्ध ठरला आणि निर्बंध उठताच गावकऱ्यांनीच तो परत आणला. बाह्य सत्तेला निरुपयोगी असणे हेच त्याच्या टिकण्याचे एक कारण ठरले, असे म्हणता येईल.

आज त्यापुढील संकट वेगळ्या स्वरूपाचे आहे. आर्थिक सुधारणांनंतर उत्तर शेन्शीच्या डोंगराळ गावांतील तरुण मोठ्या प्रमाणावर शहरांत गेले आहेत. नववर्षाच्या सुटीत ते परततात, पण अनेकांना पंधराव्या रात्रीच्या आतच कामावर रुजू व्हावे लागते. बंदी उठवता येते, परंतु रिकाम्या अंगणात आशीर्वादाचे पद गाता येत नाही. ध्वनिमुद्रित गीताला गावाची गरज नाही. व्यूहाला चालणारी माणसे लागतात. गीतसंग्रह कितीही परिपूर्ण असला तरी ही उणीव तो भरून काढू शकत नाही.

१०. निष्कर्ष

१) उत्तर शेन्शीतील यांगगे, आशीर्वादाची पदे, मंदिरवंदन आणि नऊ वळणांचा दीपव्यूह हे परस्परांत गुंफलेले एकच वार्षिक कार्य होते. त्यांची विभागणी प्रथम संकलकांनी, नंतर राजकीय चळवळीने आणि शेवटी वारशाच्या याद्यांनी केली.

२) १९१८ पासूनच्या संकलनाने गीतांना दीर्घायुष्य दिले. परंतु गीताचा प्रसंग आणि श्रोता नोंदवला न गेल्याने गीत सहजपणे अन्य हेतूंसाठी उपलब्ध झाले. 'पूर्व दिशा लाल' हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण होय.

३) येनानच्या नव्या यांगगेने स्त्रियांना रंगमंच दिला आणि ग्रामीण कलेला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच वेळी कलेचा विधीशी असलेला संबंध तोडला. या दोन्ही बाबी एकत्रच मांडल्या पाहिजेत.

४) एखाद्या परंपरेचा प्रसार आणि तिचे जतन या भिन्न गोष्टी आहेत. १९६६ ते १९७६ या काळात ज्याशिएनच्या चालीचा प्रसार सर्वाधिक होता, तेव्हाच तेथील मूळ विधिपरंपरेला जाहीर जीवनात सर्वांत कमी वाव होता.

५) लोकगीतांच्या क्षेत्रीय अभ्यासात शब्द व चाल यांसोबत तिथी, स्थळ, क्रम, उद्दिष्ट श्रोता, वापरलेल्या वस्तू आणि व्यवस्था पाहणारे मंडळ यांची नोंद अनिवार्य मानली जावी. महाविद्यालयीन प्रकल्पांतून होणाऱ्या लोकगीत संकलनालाही हेच लागू पडते. दिवा कोणी लावला हे विचारल्याशिवाय गीत कोणी गायिले याचे उत्तर अपुरे राहते.